शटडाऊन मिटवणारी द्विपक्षीय तडजोड (अमेरिका)

खर्चाची मंजुरी संपल्यामुळे अमेरिकेच्या केंद्र सरकारचे कामकाज अंशतः थांबते, त्याला शटडाऊन म्हणतात. तिथले आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होते. तोवर काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, विनियोजन विधेयके, म्हणजे सरकारी खर्चाला मंजुरी देणारी विधेयके, किंवा निदान मुदतवाढीचा तात्पुरता ठराव संमत करावा लागतो. पूर्वी मंजुरीत खंड पडला तरी खाती हात आखडून काम चालू ठेवत. महान्यायवादी बेंजामिन सिव्हिलेटी यांनी १९८० साली कायद्याचा कडक अर्थ लावला आणि मंजुरी नसेल तर अत्यावश्यक सेवा सोडून बाकी कामे थांबलीच पाहिजेत, असा दंडक पडला.

आपल्याकडे अर्थसंकल्प लांबला तर अनुच्छेद ११६नुसार लेखानुदान घेतात, आणि खर्चाच्या प्रश्नावर लोकसभेत हार झाली तर सरकारच जाते. अमेरिकेत कोणीच पडत नाही. अध्यक्ष आपल्या जागी, काँग्रेस आपल्या जागी. शिवाय सिनेटमध्ये, म्हणजे काँग्रेसच्या वरिष्ठ सभागृहात, चर्चा संपवून मतदान घ्यायला १००पैकी ६० मते लागतात, त्यामुळे बहुमतातल्या पक्षालाही बहुतेक वेळा विरोधकांच्या दारात जावेच लागते.

अशा तडजोडीचा ठळक नमुना २०१३चा. डेमोक्रॅट अध्यक्ष बराक ओबामांच्या आरोग्यविमा कायद्याचा पैसा रोखावा, या हट्टापायी प्रतिनिधीगृहातल्या, म्हणजे कनिष्ठ सभागृहातल्या, विरोधी रिपब्लिकनांनी मंजुरी अडवली आणि १ ऑक्टोबरपासून सुमारे ८ लाख कर्मचारी बिनपगारी घरी बसले. राष्ट्रीय उद्यानांना कुलपे लागली. कामगार खात्याचे दाखले थांबल्याने एच-१बी व्हिसाचे नवे अर्जही अडले. तिकडे नोकरीला गेलेल्या मराठी घरांना शटडाऊन शब्द ओळखीचा झाला तो अशा अडचणींतून. १७ ऑक्टोबरला सरकारची कर्ज घेण्याची मर्यादाही संपत होती. खरा धाक त्या तारखेचा होता.

मेन राज्याच्या रिपब्लिकन सिनेटर सुसान कॉलिन्स यांनी दोन्ही पक्षांचे काही सिनेटर जमवून मसुद्याला सुरुवात केली. अखेरचा करार डेमोक्रॅट नेते हॅरी रीड आणि रिपब्लिकन नेते मिच मॅककॉनेल यांच्यात झाला. सिनेटमध्ये तो ८१ विरुद्ध १८ मतांनी संमत झाला. प्रतिनिधीगृहाचे रिपब्लिकन सभापती जॉन बेनर यांनी, आपल्या पक्षातल्या बहुसंख्यांचा पाठिंबा नसलेले विधेयक मतदानाला घ्यायचे नाही, हा संकेत बाजूला ठेवला. २८५ विरुद्ध १४४ असा निकाल लागला, त्यात रिपब्लिकन मते फक्त ८७. ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला तो आरोग्य कायदा जवळपास जसाच्या तसा राहिला. विमा-अनुदान घेणाऱ्यांच्या उत्पन्नाची पडताळणी, एवढेच रिपब्लिकनांच्या हाती लागले. खर्चाला मंजुरी मिळाली तीही १५ जानेवारी २०१४पर्यंतच. मूळ अर्थसंकल्पी वाद डिसेंबरमध्ये डेमोक्रॅट सिनेटर पॅटी मरे आणि प्रतिनिधीगृहातले रिपब्लिकन पॉल रायन यांनी शांतपणे बसून मिटवला.

तडजोड म्हणजे समेट नव्हे, हे २०१९मध्ये दिसले. मेक्सिको सीमेवरच्या भिंतीसाठी डोनाल्ड ट्रम्प यांना ५.७ अब्ज डॉलर हवे होते. शटडाऊन ३५ दिवस ताणल्यावर २५ जानेवारीला, हवाई नियंत्रक कमी पडून न्यूयॉर्कच्या लागार्डिया विमानतळावर येणारी विमाने रोखावी लागली आणि त्याच दिवशी तीन आठवड्यांची मुदतवाढ ठरली. पुढे दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीने कुंपणासाठी १.३७५ अब्ज दिले. ट्रम्प यांनी १५ फेब्रुवारीला विधेयकावर सही केली आणि उरलेला पैसा वळवण्यासाठी त्याच दिवशी राष्ट्रीय आणीबाणी जाहीर केली!

२०२५चे शटडाऊन ४३ दिवसांचे, तोवरचे सर्वांत लांब. आरोग्यविम्याच्या अनुदानाची मुदत वाढवून मिळावी म्हणून डेमोक्रॅट अडून होते. १० नोव्हेंबरला त्यांच्या गटातले आठ सिनेटर पलीकडे गेले आणि ६० विरुद्ध ४० मतांनी कोंडी फुटली. पदरात पडले ते अनुदानावर मतदान घेण्याचे आश्वासन आणि शटडाऊनच्या काळातली नोकरकपात मागे घेणे. फुटीर आठांवर सर्वांत जास्त आग पाखडली ती त्यांच्याच पक्षाने.

थकलेला पगार नंतर द्यावा, असा कायदा २०१९मध्ये झाला. तो सरकारी नोकरांपुरता आहे. सरकारी इमारतींत कंत्राटावर झाडलोट करणारे किंवा उपाहारगृहात राबणारे त्यात येत नाहीत.