पोलिसांचं व्ही8 आणि ट्रकवाल्यांचा टर्बो

90च्या दशकातल्या ज्या फास्ट सेदानना लोक आता मॉडर्न क्लासिक म्हणायला लागलेत त्यात अमेरिकेची शेव्हरोले इम्पाला एसएस आणि स्वीडनची व्होल्वो 850 टी5-आर ही जोडी मला भारी वाटते. दोन्ही चार दरवाजांच्या, दोन्ही सभ्य दिसणाऱ्या, आणि साल पण जवळपास एकच, पण आल्या अगदी उलट्या वाटेने.

सुरुवात 1973च्या तेलसंकटापासून करावी लागते. अमेरिकेत मायलेज आणि धुराचे नियम आले तसा मोठ्या व्ही8 चा (आठ सिलिंडरच्या इंजिनाचा) जीवच गेला, इंजिन तेवढंच मोठं पण दम नाही. स्वीडनमध्ये साब या कार कंपनीची अडचण वेगळी, मोठं इंजिन नव्याने बनवायला पैसेच नव्हते! पण 1969ला साब आणि ट्रक बनवणारी स्कॅनिया एकत्र आल्या होत्या, म्हणजे ट्रकच्या डिझेलला टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबून ताकद वाढवणारा पंखा) लावायचा अनुभव घरातच होता. पेर गिलब्रांड या इंजिनिअरने तोच टर्बो 2 लिटरच्या पेट्रोल इंजिनवर बसवला, तोही लहान ठेवून आणि जास्तीचं प्रेशर सोडायला वेस्टगेट नावाची झडप देऊन, म्हणजे रेसिंग कारसारखा फक्त टॉप स्पीडला नाही तर रोजच्या ट्रॅफिकमध्ये पण गाडी पळावी म्हणून. साबची ही 99 टर्बो 1978ला बाजारात आली, 145 हॉर्सपॉवर. पुढची 9000 एअरो पण जबरदस्त, फक्त ती हॅचबॅक आहे, सेदान म्हणून कोणी विकत असेल तर सावध रहा.

व्होल्वोने टर्बोचा हा धडा उशिरा पण नीट घेतला. 1994ला ब्रिटिश टुरिंग कार रेसिंगमध्ये त्यांनी चक्क 850 ची इस्टेट (मागे सामानाची लांब जागा असलेली फॅमिली गाडी) उतरवली, लोक हसले, पण नाव झालं. मग 1995ची टी5-आर, 2.3 लिटर, पाच सिलिंडर, टर्बो, साधारण 240 हॉर्सपॉवर, पोर्शची मदत घेऊन. सगळी ताकद पुढच्याच चाकांना, त्यामुळे जोरात रेस दिली की स्टेअरिंग हातातून ओढतं.

इम्पाला एसएसचं गणित सरळ. पोलिसांसाठी बनणाऱ्या शेव्हरोले कॅप्रिसचं मजबूत सस्पेन्शन, कॉर्व्हेट या शेव्हरोलेच्याच स्पोर्ट्स कारमधल्या 5.7 लिटर एलटी1 व्ही8 इंजिनाचा लोखंडी हेडवाला भाऊ, 260 हॉर्सपॉवर, वर काळा रंग. 1992च्या सेमा शोमध्ये (अमेरिकेतलं गाड्यांच्या मॉडिफिकेशनचं प्रदर्शन) नुसतं मॉडेल म्हणून दाखवली आणि लोकांनी उचलून धरली. 1994 ते 96 मध्ये सुमारे 70 हजार बनल्या आणि मग टेक्सासमधल्या आर्लिंग्टनच्या कारखान्याला ट्रक आणि एसयूव्ही बनवण्यात जास्त पैसा दिसला, विषय संपला.

गंमत म्हणजे शेवटी दोन्ही स्वीडिश कंपन्या अमेरिकन मालकांकडेच गेल्या. शेव्हरोलेची मालक जनरल मोटर्सने आधी निम्मी आणि 2000ला पूर्ण साब घेतली, फोर्डने 1999ला व्होल्वोच्या कार घेतल्या (आपल्याकडे व्होल्वो म्हणजे पुण्या-मुंबईची बस, तो बस-ट्रकचा धंदा तेव्हाच वेगळा राहिला). 2010ला दोघांनीही हात झटकले, व्होल्वो चीनच्या गीलीकडे गेली आणि टिकली, साब स्पायकर या छोट्या डच स्पोर्ट्स कार कंपनीकडे गेली आणि डिसेंबर 2011ला दिवाळखोर झाली.

इम्पालाचं इंजिन अमेरिकेत कोणताही मेकॅनिक उघडतो, स्पेअर पार्टचं टेन्शन नाही. एकच डोकेदुखी, त्या एलटी1 चा डिस्ट्रिब्युटर (स्पार्क प्लगना वीज वाटणारा भाग) नेमका वॉटर पंपाच्या खाली बसवलाय, पंप गळला की पाणी थेट त्याच्यावर आणि गाडी रस्त्यातच बंद.