पणजोबा मिशनचे, पण कुठल्या मिशनचे?

कोल्हापुरातल्या ख्रिस्ती घरात जुनी माहिती विचारली की पहिलं उत्तर येतं, "आपले पणजोबा मिशनचे." या एका शब्दावर विसंबून मी दोन वर्षं एका मंडळीच्या, म्हणजे एका चर्चच्या, बाप्तिस्मा-सभासदांच्या जुन्या वह्या चाळल्या. आमचं एकही नाव सापडलं नाही. वह्या नीट होत्या, त्या ठेवणारी माणसंही मदतीला तयार होती. मीच चुकीच्या दारात उभी होते, कारण कोल्हापुरात मिशनं दोन होती.

पहिलं अमेरिकन. रॉयल वायल्डर हे मिशनरी 1852 मध्ये इथं आले ते बोस्टनच्या अमेरिकन बोर्ड या मिशन संस्थेकडून. पुढं बोर्डाशी त्यांचं बिनसलं, मधली काही वर्षं त्यांनी स्वतंत्रपणे काम केलं आणि 1870 च्या सुमारास हे मिशन अमेरिकेतल्या प्रेस्बिटेरियन, म्हणजे बिशप नसलेल्या प्रॉटेस्टंट पंथाच्या, मंडळाकडं गेलं. वायल्डर मेमोरियल चर्चला त्यांचंच नाव आहे. मिरज, सांगली, कोडोली, पन्हाळा ही ठाणी याच मिशनची. दुसरं एसपीजी (सोसायटी फॉर द प्रोपगेशन ऑफ द गॉस्पेल), म्हणजे 1701 मध्ये लंडनमध्ये स्थापन झालेली अँग्लिकन, इंग्लंडच्या चर्चची, संस्था. ऑल सेंट्स चर्च त्या परंपरेतलं. 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, तेव्हा प्रेस्बिटेरियन ज्यात होते ते युनायटेड चर्च आणि अँग्लिकन चर्च ही दोन्ही त्यात सामील झाली. तेव्हापासून नव्या पिढीला 'सीएनआय' एवढंच ठाऊक. पण 1970 च्या आधीच्या वह्यांमध्ये ही दोन वेगळी जगं आहेत.

बाप्तिस्मा दोन्हीकडं आहे, तान्ह्या बाळांचाही आणि मोठ्यांचाही. खरा फरक त्याच्या पुढच्या पायरीवर दिसतो आणि घराण्याचा शोध घेणारा नेमका तिथंच फसतो. प्रेस्बिटेरियन मंडळीत लहानपणी बाप्तिस्मा झालेला मुलगा मोठा झाला की सेशनपुढं, म्हणजे पाळक आणि वडील मंडळींपुढं, आपला विश्वास सांगतो. ते त्याला प्रभुभोजनात, म्हणजे भाकर आणि द्राक्षारसाच्या विधीत, घेतात आणि त्याचं नाव सभासदांच्या यादीत चढतं. या यादीतली तारीख बाप्तिस्म्याची नाही, जन्माची तर नाहीच. मी स्वतः अशा एका तारखेवरून कुणाचं तरी वय पंधरा-सोळा वर्षांनी कमी धरलं होतं. उलट थोरपणी ख्रिस्ती झालेल्या माणसाचा बाप्तिस्मा आणि सभासदत्व बहुतेक एकाच दिवशीचं असतं. म्हणून सेशनची इतिवृत्तं मिळाली तर सोडू नका. कोण कुठल्या गावाहून आलं, कुणाला दुसऱ्या मंडळीसाठी पत्र दिलं, कुणाला काही काळ प्रभुभोजनापासून दूर ठेवलं, हे सगळं तिथं सापडतं.

अँग्लिकनांत या पायरीला दृढीकरण म्हणतात आणि ते बिशपच करतो. बिशप मुंबईचा, तो येणार कधीमधी. त्यामुळं एकाच तारखेखाली पुष्कळ नावं ओळीनं येतात. ती पाहून सगळे एका कुळातले समजू नका. एवढंच कळतं की त्या दिवशी बिशप गावात होता. त्यांच्या बाप्तिस्म्याच्या छापील वहीत मात्र रकाने चांगले असतात: बाप्तिस्म्याची तारीख, सांगण्यात आलेली जन्मतारीख, आईवडिलांची नावं, राहण्याचं ठिकाण, वडिलांचा व्यवसाय. 'सांगण्यात आलेली' हे शब्द मला फार प्रामाणिक वाटतात. तारीख घरच्यांनी सांगितली, पाद्र्यानं लिहिली.

परदेशातले कागदही असेच विभागलेत. वायल्डरांच्या सुरुवातीच्या काळासाठी अमेरिकन बोर्डाचे कागद हार्वर्डच्या हॉटन ग्रंथालयात, 1870 नंतरचे फिलाडेल्फियाच्या प्रेस्बिटेरियन हिस्टॉरिकल सोसायटीत. एसपीजीचे ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात. तिथं मुख्यतः पत्रं आणि अहवाल आहेत, मूळ वह्या शोधायच्या त्या मंडळीकडंच. मुंबई इलाख्यातल्या चर्च नोंदींच्या नकला लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत 'एन थ्री' या मालिकेत आहेत, पण त्यात गोऱ्यांची नावं जास्त आणि आपली थोडी.

माझा प्रश्न सुटला तो आईच्या मावशीमुळं. एकदा मी सहज विचारलं, "मावशीआजी, तुझ्या आईला मंडळीत कसं घेतलं गं?" ती म्हणाली, "घेतलं म्हणजे? बिशपसाहेब आले होते की. डोक्यावर हात ठेवला. आई मरेपर्यंत सांगायची."

बिशपसाहेब. म्हणजे अमेरिकन मंडळी नव्हेच. दुसऱ्या आठवड्यात दुसऱ्या दारात गेले. तिथल्या पाळकांनी वही टेबलावर पसरली, पानांच्या कडा बिस्किटासारख्या तुटत होत्या, म्हणून पानं तेच उलटत होते. पणजीचं नाव चौथ्या पानावर होतं. आमच्या घरात सगळे सांगत आले की तिचे वडील मिशनच्या शाळेत मास्तर होते. व्यवसायाच्या रकान्यात बारीक इंग्रजी अक्षरांत 'सईस' लिहिलं होतं. म्हणजे घोड्यांचे मोतद्दार.