कॉईल मागवण्याआधी इम्प्लांट कार्ड शोधा

"काळी वायर, गोल कॉईल, किती पडेल?" असा मेसेज कॉक्लियर इम्प्लांटचे सुटे भाग विकणाऱ्या आम्हाला फोटोसकट रोज येतो. ऐकू न येणाऱ्यांना हे इम्प्लांट ऑपरेशन करून बसवतात; कानामागचं मशीन, म्हणजे प्रोसेसर, आवाज टिपतं आणि चुंबकाने डोक्याला चिकटणारी कॉईल तो आत पोचवते. फोटोत कानामागचं मशीन दिसतं, कातडीखालचं इम्प्लांट दिसत नाही. ते कोणत्या कंपनीचं आणि कोणत्या मॉडेलचं, हे ऑपरेशननंतर मिळालेल्या कार्डावर असतं. म्हणून आम्ही आधी कार्ड मागतो, किंमत नंतर सांगतो. काहींना राग येतो, पण चुकीची कॉईल मागवली की आठवडा जातो आणि मूल तेवढे दिवस आवाजाविना राहतं.

"सगळ्यांचं सारखंच असतं ना?" नाही. इम्प्लांट बनवणाऱ्या कंपन्या वेगवेगळ्या देशांत वाढल्या.

मेलबर्नच्या डॉ. ग्रॅम क्लार्क यांचे वडील औषधविक्रेते होते, वडिलांना कमी ऐकू यायचं, म्हणून डॉक्टर इम्प्लांटच्या मागे लागले. आतल्या कानाच्या शंखासारख्या वळणात इम्प्लांटची तार कशी सरकवावी, हे कोडं डॉक्टरांनी समुद्रकिनारी शंखात गवताची पाती घालून सोडवलं. १९७८ मध्ये त्यांच्या इम्प्लांटचं पहिलं ऑपरेशन झालं. पण प्रयोगशाळेतली वस्तू कारखान्यात बनवायला सिडनीचा न्यूक्लियस उद्योगसमूह पुढे आला. त्यांच्याकडे पेसमेकरचं काम होतं, शरीरातल्या यंत्रात ओल शिरू न देण्याची विद्या हाताशी होती. १९८२ मध्ये कारखान्यात बनलेलं इम्प्लांट रुग्णाला बसलं, १९८५ मध्ये अमेरिकेत प्रौढांसाठी मान्यता मिळाली, मुलांसाठी १९९० मध्ये. त्यातूनच आजची 'कॉक्लियर' नावाची कंपनी झाली.

तिकडे व्हिएन्नात होखमायर दांपत्याचं इम्प्लांट १९७७ मध्येच बसलं होतं, त्यातून इन्सब्रुकची मेड-एल उभी राहिली. कॅलिफोर्नियात आल्फ्रेड मान यांनी अ‍ॅडव्हान्स्ड बायोनिक्स काढली. आतल्या तारेवर कानाच्या नसेला विजेचे संकेत देणारे बिंदू, म्हणजे इलेक्ट्रोड, असतात: कॉक्लियरचे २२, मेड-एलचे १२, अ‍ॅडव्हान्स्ड बायोनिक्सचे १६. आतबाहेरचा संवाद प्रत्येकीचा वेगळा. दुसऱ्या कंपनीची कॉईल चुंबकाने डोक्याला चिकटली, तरी ऐकू येणार नाही. एकाच कंपनीतही नवा प्रोसेसर प्रत्येक जुन्या इम्प्लांटला चालतोच असं नाही, तेही आम्ही तपासून देतो.

ओळखीच्या मुलाचा प्रोसेसर "तात्पुरता" लावू नका. त्यातला मॅप, म्हणजे आवाजाची जुळवणी, त्या मुलाच्या कानापुरती असते, तुमच्या मुलाला आवाज सहन न होण्याइतका मोठा लागू शकतो.

कार्ड हरवलं असेल तर ऑपरेशन झालेल्या रुग्णालयात नोंद मिळते. सापडलं की दोन्ही बाजूंचा फोटो पाठवा, आम्ही जपून ठेवतो, पुढच्या वेळी फक्त नाव सांगा. पाकीट फोडलेली कॉईल मात्र परत घेत नाही. पावसाळ्याआधी याल तर मशीनमधली ओल शोषणाऱ्या ड्रायिंग कॅप्सूलही घेऊन जा, जून-जुलैत त्या संपलेल्या असतात.