पारराष्ट्रीय स्त्रीवाद : अध्यापन व संशोधन

भांडवल, युद्ध, कर्ज, स्थलांतर आणि वंशभेद यांचे व्यवहार राष्ट्रांच्या सीमा ओलांडून चालतात. त्या व्यवहारांच्या संदर्भात स्त्रियांच्या दडपणुकीचा विचार करणारी आणि त्याला साम्राज्यवादविरोधी एकजुटीची जोड देणारी अभ्यासपद्धती म्हणजे पारराष्ट्रीय स्त्रीवाद. ‘परराष्ट्रीय’ या रूढ शब्दाशी ‘पारराष्ट्रीय’ची गल्लत होऊ नये. परराष्ट्रीय म्हणजे दुसऱ्या देशाचे. पारराष्ट्रीय म्हणजे अनेक देशांना एकाच वेळी छेदून जाणारे. ‘आंतरराष्ट्रीय’ म्हणताना राष्ट्र हे एकक गृहीत असते. येथे त्या एककाचीही चिकित्सा केली जाते.

संज्ञेच्या उगमाविषयी एकमत नाही. विद्यापीठीय वापराचा आरंभ सामान्यतः इंदरपाल ग्रेवाल व कॅरेन कॅप्लन यांनी संपादित केलेल्या ‘स्कॅटर्ड हेजेमनीज’ (1994) या ग्रंथापासून मानतात. वैचारिक पाया मात्र त्याआधीच घातला गेला होता. मुंबईत जन्मलेल्या चंद्रा तळपदे मोहंती यांचा ‘अंडर वेस्टर्न आइज’ हा निबंध 1984 मध्ये प्रसिद्ध झाला. पाश्चात्त्य संशोधनातली ‘तिसऱ्या जगातील स्त्री’ ही सरसकट अज्ञानी, परंपराग्रस्त आणि बळी ठरलेली प्रतिमा त्यांनी तपासली. त्याच वर्षी निघालेल्या ‘सिस्टरहुड इज ग्लोबल’ या संकलनाने जागतिक भगिनीभावाची कल्पना पुढे ठेवली होती. भगिनीभाव आधीपासून असतोच, की तो संघर्षातून घडवावा लागतो, हा वाद तेव्हापासून चालू आहे. 1975 ते 1995 या काळात मेक्सिको सिटी, कोपनहेगन, नैरोबी व बीजिंग येथे भरलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या महिला परिषदांतून विणल्या गेलेल्या संघटनांच्या जाळ्यालाही काही अभ्यासक हेच नाव देतात. राष्ट्र या एककाचीच चिकित्सा करणाऱ्या ग्रेवाल-कॅप्लन यांच्या अर्थापासून हा वापर बराच दूर जातो.

इतिहासकारांचा आक्षेप याहून मूलगामी आहे. त्यांच्या मते विद्यापीठांनी नाव दिले, पण व्यवहार जुनाच होता. 1931 मध्ये लाहोरला अखिल आशियाई महिला परिषद भरली. 1945 मध्ये पॅरिसला महिलांचा आंतरराष्ट्रीय लोकशाही महासंघ स्थापन झाला. डिसेंबर 1949 मध्ये बीजिंगला आशियाई स्त्रियांची परिषद झाली, तर 1961 मध्ये कैरोला आफ्रो-आशियाई महिला परिषद. फ्रान्सच्या वसाहती युद्धांना विरोध केल्यामुळे 1951 मध्ये महासंघाला पॅरिस सोडावे लागले. पुढे त्याचे मुख्यालय पूर्व बर्लिनला गेले. त्याला ‘सोव्हिएत मुखवटा’ म्हणून बाजूला सारण्याची प्रथा दीर्घकाळ होती. इतिहासकार फ्रान्सिस्का द हान यांनी 2010 मध्ये ती शीतयुद्धाच्या चष्म्याची देणगी असल्याचे दाखवले. एलिझाबेथ आर्मस्ट्राँग यांनी 1949 च्या परिषदेच्या अभ्यासातून एकजुटीचे दोन प्रकार वेगळे केले: समान हक्कांवर उभी राहिलेली एकजूट, आणि स्त्रियांमधल्या सत्तेच्या विषमतेची व त्यातल्या आपल्या सहभागाची जबाबदारी घेणारी एकजूट. दुसऱ्या प्रकारात वसाहतवादी देशांतील स्त्रियांनी आपल्याच सरकारांच्या युद्धांविरुद्ध लढणे अपेक्षित होते. हे पाहता पारराष्ट्रीय स्त्रीवादाचा इतिहास 1994 पासून सुरू करणे अपुरे वाटते. साम्राज्यवादविरोधी धागा तोडला, तर विषयाची निकड हरवते.

अध्यापनाबाबत मोहंती यांनी 2003 मध्ये केलेली तीन पद्धतींची मांडणी आजही सर्वाधिक वापरली जाते. पहिल्या, ‘पर्यटक’ पद्धतीत मूळ अभ्यासक्रम तसाच ठेवून मधूनच एखाद्या दूरच्या देशातील अत्याचाराचे उदाहरण घातले जाते. दुसऱ्या, ‘शोधप्रवासी’ पद्धतीत त्या प्रदेशाचा स्वतंत्र व सखोल अभ्यास होतो. पण ‘त्या’ आणि ‘आपण’ यांच्यातले अंतर तसेच राहते आणि सत्तासंबंधांचा प्रश्न सांस्कृतिक वेगळेपणात विरघळतो. तिसरी पद्धत एकजुटीची. तीत दोन्ही ठिकाणे एकाच धाग्याने कशी बांधली आहेत, तो धागा कोणाच्या हातात आहे, हे विद्यार्थी शोधतात. एका देशातील स्वस्त कपडा आणि दुसऱ्या देशातील शिवणकामगार स्त्रीची मजुरी हे मग एकाच धड्याचे दोन भाग होतात. शिक्षकासाठी ही पद्धत सर्वांत कष्टाची आहे, कारण वर्गातील प्रत्येकाला, शिक्षकालाही, त्या साखळीतली आपली जागा सांगावी लागते.

संशोधनात समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांचा आंध्र प्रदेशातील नरसापूरच्या लेस विणणाऱ्या स्त्रियांचा अभ्यास (1982) आदर्श मानला जातो. मोहंती यांनीही त्याचा गौरव केला आहे. जागतिक बाजारासाठी राबणाऱ्या या स्त्रियांना ‘घरी बसलेल्या गृहिणी’ ठरवल्यामुळेच त्यांची मजुरी कशी दडपता येते, हे मीस यांनी दाखवले. लेखनाच्या मालकीचा प्रश्न उत्तर प्रदेशच्या सीतापूर जिल्ह्यातील ‘संगतिन यात्रा’ (2004) या सामूहिक लेखनाने ऐरणीवर आणला. गावपातळीवरील कार्यकर्त्या आणि अमेरिकेतील प्राध्यापक रिचा नागर यांनी ते एकत्र लिहिले. ते आधी हिंदीत आले. इंग्रजी आवृत्ती 2006 मध्ये निघाली. हा क्रम महत्त्वाचा आहे. ज्यांच्याविषयी लिहिले, त्यांना ते आधी वाचता आले.

2001 नंतर ‘अफगाण स्त्रियांची मुक्ती’ हे अमेरिकेच्या अफगाणिस्तानातील युद्धाचे समर्थन म्हणून वापरले गेले. तेव्हा मानववंशशास्त्रज्ञ लैला अबू-लुघोद यांनी 2002 मध्ये ‘वाचवण्या’च्या या भाषेवरच प्रश्न उपस्थित केला. भारतात शर्मिला रेगे यांनी 1998 मध्ये मांडलेली दलित स्त्रीवादी भूमिदृष्टी, म्हणजे दलित स्त्रियांच्या स्थानावरून समाजाकडे पाहण्याची दृष्टी, याच चर्चेला आतून भिडते: देशाबाहेर ‘तिसऱ्या जगातील स्त्री’ म्हणून बोलणारी उच्चजातीय स्त्री देशाच्या आत कोणाच्या वतीने बोलत असते?