घाटातला ब्रेक आणि ऑफिसातला हिशेब

खंडाळ्याहून खोपोलीला उतरताना गाडी सुमारे ५०० मीटर खाली येते. २५ टनांच्या भरलेल्या ट्रकच्या बाबतीत याचा अर्थ साधारण १२ कोटी ज्यूल ऊर्जा. ती सगळी ब्रेकवर पडली, तर तेवढ्या उष्णतेत जवळजवळ ४०० लिटर पाण्याला उकळी फुटेल. हा ताप चाकांमधले ड्रम आणि त्यांना आतून घासून वेग कमी करणारे लायनर सोसतात. तापलेला ड्रम प्रसरण पावून लायनरपासून लांब सरकतो, शिवाय लायनरची पकडही उष्णतेने सुटत जाते. मग पेडल पूर्ण दाबलं तरी गाडी थांबत नाही. नंतर ड्रम थंड झाले की तेच ब्रेक तपासणीत ठीकठाक दिसू शकतात.

ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम यासाठीच आहे. खालच्या गिअरमध्ये इंजिनच गाडीला धरून ठेवतं आणि एक्झॉस्ट ब्रेक, म्हणजे इंजिनचा धूर अडवून त्याचा वेग दाबणारी झडप, त्याला जोर देतो. न्यूट्रलमध्ये हा आधार जातो, सगळं वजन ब्रेकवर येतं. इंजिनच बंद केलं, तर ब्रेकची हवा भरणारा कॉम्प्रेसरही थांबतो.

तरीही गाडी न्यूट्रलवर सोडली जाते, ती डिझेल वाचवायला. खरं तर आजच्या इलेक्ट्रॉनिक इंजिनांत गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की उतारावर इंजिनला जाणारं डिझेल बंद होतं. इंजिन चाकांच्या जोरावर फिरत राहतं. न्यूट्रलमध्ये मात्र ते चालू ठेवायला डिझेल जाळावंच लागतं. म्हणजे जीव धोक्यात घालून बचतही होत नाही! हे प्रत्येक ड्रायव्हरला कुणीतरी नीट समजावून सांगायला हवं.

पण सगळा भार ड्रायव्हरच्या माथी मारणं मला मान्य नाही. ॲव्हरेजवर बक्षीस आणि उशिरा पोचल्यास दंड, असा हिशेब ऑफिसात ठरला की घाटातलं वागणंही तिथेच ठरतं. कंपनीने धोक्याचं मोजमाप करताना आधी स्वतःची वेळापत्रकं काढून बघावीत. पहाटे २ ते ५ या वेळेत झोपेची ओढ सर्वांत जास्त असते. त्याच वेळी घाट उतरावा लागेल अशी खेप लावलीच का? १९६१च्या मोटार परिवहन कामगार कायद्यात (२०२५मध्ये त्याची जागा नव्या श्रमसंहितेने घेतली) दिवसाला ८ तासांच्या कामाची मर्यादा होती आणि सलग ५ तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती होती. तेवढी तरी विश्रांती ट्रिपशीटवर, म्हणजे खेपेच्या नोंदीत, दिसते का?

पुरावा बहुतेक वेळा गाडीतच असतो. जीपीएसबरोबर इंजिनचीही नोंद होत असेल, तर घाटातला तेवढा तुकडा उघडून पाहा. वेग ताशी ५० किलोमीटर आणि इंजिनचे फेरे मात्र मिनिटाला ६००-७००, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन नुसतं चालू असताना असतात तेवढेच, असं बराच वेळ दिसलं, तर गाडी जवळपास नक्कीच न्यूट्रलमध्ये होती. अशी नोंद सापडली की ड्रायव्हरला दंड लावण्याची घाई करू नये. आधी त्याला विचारावं, पोचायची वेळ किती दिली होती, एक्झॉस्ट ब्रेक चालू आहे का, आणि ॲव्हरेजचं बक्षीस त्या महिन्यापासूनच बंद करावं.