आजीच्या कुंकवाचं भोक

फोटोवरून स्क्रोल सॉने (बारीक ब्लेडच्या यांत्रिक करवतीने) प्लायमध्ये चेहरा कापायचा, तर आजीच्या फोटोतलं ठसठशीत कुंकू पॅटर्नमध्ये भोक होतं. केस, भुवया, हनुवटीखालची सावली, सगळ्यांचं तेच. गडद ते कापून टाकायचं, उजळ ते लाकूड म्हणून राखायचं आणि मागे काळं फेल्ट (जाडसर कापड) लावायचं. हे उलटं करू नये. निगेटिव्हमध्ये ओळखीचा माणूसही पटकन ओळखू येत नाही, हे फिल्मची पट्टी उजेडाला धरून पाहिलेल्यांना ठाऊक आहे.

चेहरा ओळखायला मेंदूला सावल्यांचे डाग पुरतात. क्रेग मूनी या मानसशास्त्रज्ञाने १९५७ साली मुलांना चेहऱ्यांची नुसती काळी-पांढरी, मधला राखाडी रंगच नसलेली चित्रं दाखवली होती. अशा चित्रांना आजही ‘मूनी चेहरे’ म्हणतात. आपला पॅटर्न म्हणजे असाच एक मूनी चेहरा. त्यामुळे फ्लॅशचा फोटो बाद: समोरून पडलेला उजेड नाकाची सावलीच पुसून टाकतो. खिडकीतून एका बाजूने उजेड आलेला फोटो घ्यावा. गावाहून व्हॉट्सअ‍ॅपवर मागवायचा असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा, नाहीतर कॉम्प्रेशनचे चौकोनी ठिपके पुढे कडांवर दात होऊन उमटतात.

गिम्प या फोटो-एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये (फुकट आहे) चित्र ए-४ आकारात ३०० डीपीआयला आणा, म्हणजे १ मिमीला सुमारे १२ पिक्सेल. रंग काढून ४-५ पिक्सेलचा गॉशियन ब्लर द्या, म्हणजे चित्र किंचित धूसर करा. त्याने बारीक कचरा जातो. मग थ्रेशोल्ड. उजळपणाच्या ० (काळा) ते २५५ (पांढरा) मधल्या एका आकड्याखालचं सगळं काळं, वरचं सगळं पांढरं. १२० च्या आसपास सुरुवात करून सरकवत राहा. ग्रुप फोटोत मात्र एकच आकडा सगळ्यांना लावला की एखादे काका पूर्ण काळे होतात आणि शेजारच्या आत्याचं नाकच गायब होतं. प्रत्येक चेहरा वेगळा सिलेक्ट करून त्याचा आकडा वेगळा ठरवावा.

खरी मेख इथून पुढे आहे. काळ्याने चारही बाजूंनी वेढलेलं पांढरं बेट कापताना खाली पडणार: बुबुळातली चमक, नथीचे मोती, चष्म्याच्या काचेमागचा अख्खा डोळा. म्हणून पूल, म्हणजे बेटाला बाकीच्या लाकडाशी जोडणाऱ्या पट्ट्या, ठेवायचे. चष्म्याची फ्रेम नाकाशी आणि काडीपाशी तोडा. दातांची पट्टी ओठांच्या कोपऱ्यांत गालाला जोडा. दातांमधल्या रेषा मुळीच नकोत, माणूस भेसूर दिसतो. ३ मिमी प्लायमध्ये पूल २ मिमी, म्हणजे साधारण २४ पिक्सेल रुंद हवा. तपासणी सोपी आहे: बकेट फिलने चित्राच्या कडेपासून पांढऱ्या भागात लाल रंग ओता. जे पांढरंच राहील ते पडणार. कोपऱ्याला कोपरा टेकलेले पिक्सेल जोडलेले धरू नका. तिरप्या शेजाऱ्यांचा पर्याय बंद ठेवा.

प्लाय बर्चचं मिळालं तर उत्तम. साध्या कमर्शियल प्लायच्या मधल्या थरात पोकळ्या असतात आणि पूल नेमका तिथेच तुटतो. एमडीएफ मुंबईच्या पावसाळ्यात दमट हवेने फुगतं. नागदेवी स्ट्रीटवर ब्लेड विचारताना ‘पिन नसलेलं’ हे आधी सांगा. ब्लेड आधी पाडलेल्या भोकातून ओवावं लागतं आणि पिनवाल्याला टोकाची आडवी पिन जाईल एवढं मोठं भोक लागतं, तेवढी जागा डोळ्यात नसते. २/० नंबरचं स्पायरल ब्लेड आणि १ ते १.५ मिमीचं ड्रिल बिट पुरतं. स्पायरल सगळ्या बाजूंनी कापतं, त्यामुळे प्लाय गरगर फिरवावा लागत नाही. पण ते लाकडाच्या रेषांकडे ओढ घेतं, घाई केली की हमखास. एन-९५ मास्क लावा.

आधी डोळे, मग नाक-तोंड, केसांचे मोठे भाग शेवटी. मोठी भोकं आधी पाडली तर पातळ चेहरा ब्लेडबरोबर थरथरतो. कागद थेट प्लायला न चिकटवता आधी मास्किंग टेप लावा आणि तिच्यावर पॅटर्न चिकटवा. काम झाल्यावर टेपसकट कागद निघतो. तो पुलाच्या लांबीच्या दिशेने ओढायचा, आडवा नाही.