साहसकथांतील बालपण आणि चारित्र्याची घडण

घरापासून तुटलेले मूल, भोवती धोका आणि सांगायला-सांभाळायला कोणी नाही, ही अभिजात साहसकथेची मूळ मांडणी आहे. अठराव्या शतकाच्या आरंभापासून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोप-अमेरिकेत लिहिल्या गेलेल्या या कथांत बेट, गलबत, चाचे, गुप्तधन, पाठलाग असा सरंजाम पुन्हापुन्हा येतो. त्याच्या आड प्रश्न बहुधा एकच असतो : कोणी पाहत नसताना हे मूल काय करील? तो विचारता यावा म्हणून लेखक आईबापांना कथेतून दूर करतात. ट्रेझर आयलंडमधील जिमचे वडील पहिल्या काही प्रकरणांतच वारतात, हकलबरी फिनचा बाप दारूत बुडालेला असतो, किपलिंगचा किम अनाथ असतो. आईबाप जवळ असले की निर्णय त्यांचे होतात, आणि मुलाच्या वाट्याला फक्त आज्ञापालन उरते.

या परंपरेचा उगम ज्या ग्रंथात मानतात तो मुळात मुलांसाठी नव्हता. डॅनियल डीफोचा रॉबिन्सन क्रूसो (१७१९) बापाचे न ऐकता समुद्रावर जातो आणि एकाकी बेटावर त्या अवज्ञेचा जाब स्वतःलाच विचारत राहतो. फ्रेंच विचारवंत रूसोने एमील या १७६२ च्या शिक्षणविषयक ग्रंथात आपल्या काल्पनिक शिष्याच्या हाती पहिले पुस्तक दिले ते हेच. वस्तूचे मोल बाजार ठरवतो तसे न मानता आपल्या गरजेवरून जोखायला मुलाने शिकावे, असा त्याचा हेतू होता. त्यानंतर क्रूसोचे अनुकरण करणाऱ्या बेटकथांची रांगच लागली. योहान डाव्हिड व्हिस या स्विस धर्मोपदेशकाच्या १८१२ च्या द स्विस फॅमिली रॉबिन्सनमध्ये चार मुलगे आईवडिलांसह बेटावर अडकतात. प्रत्येक झाडाची, प्राण्याची माहिती वडिलांजवळ तयार असते. मुले पुष्कळ शिकतात, पण चुकायची आणि त्या चुकीची किंमत मोजायची संधी त्यांना फारशी मिळत नाही.

रॉबर्ट मायकेल बॅलंटाइनने द कोरल आयलंड (१८५७) मध्ये वडील माणसे काढून टाकली. राल्फ, जॅक आणि पीटरकिन हे तिघे किशोर एकटेच बेटावर राहतात, एकदिलाने आणि आनंदाने. त्यांचा चांगुलपणा मात्र घरून निघतानाच पुरा झालेला असतो. दुष्टता बाहेरून येते, चाच्यांच्या आणि ‘रानटी’ म्हणवल्या गेलेल्या बेटवासीयांच्या रूपाने. धैर्य, धर्मनिष्ठा आणि इंग्रजपण ही एकच गोष्ट आहे अशी त्या काळच्या ब्रिटिश मुलांची समजूत अशा पुस्तकांनी घट्ट केली. बॉइज ओन पेपर हे साप्ताहिक रिलिजस ट्रॅक्ट सोसायटीने १८७९ मध्ये सुरू केले, तेही मुलांना स्वस्त, भडक गोष्टींपासून वळवून संस्कारक्षम साहसाकडे नेण्याच्या उद्देशाने. त्यात साहस हे उपदेशाचे वाहन होते.

ही चौकट रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनने मोडली. १८८१ च्या उन्हाळ्यात स्कॉटलंडमधील ब्रेमार येथे सावत्र मुलाच्या करमणुकीसाठी काढलेल्या बेटाच्या नकाशातून ट्रेझर आयलंड जन्मली. यंग फोक्स या नियतकालिकात ती कॅप्टन जॉर्ज नॉर्थ या टोपणनावाने क्रमशः आली आणि १८८३ मध्ये पुस्तकरूपाने निघाली. जिम हॉकिन्सला पहिला धडा कोणी शिकवत नाही, तो त्याच्या डोळ्यांसमोर घडतो. मेलेल्या खलाशाची पेटी उघडल्यावर जिमची आई खानावळीच्या थकबाकीपेक्षा एक कवडीही जास्त घ्यायला तयार नसते. चाचे जवळ येत असताना ती नाण्यांचा हिशोब करत बसते. भेदरलेला जिम तिच्या प्रामाणिकपणालाही दोष देतो आणि हावेलाही. हिशोब भरून काढायला म्हणून तो एक मेणकापडाचे पुडके उचलतो आणि त्यातच नकाशा निघतो. प्रामाणिकपणा आणि हाव एकाच माणसात, एकाच क्षणी नांदू शकतात, हे बालवाचकापुढे इतक्या मोकळेपणाने क्वचितच ठेवले गेले असेल.

पुढे चाच्यांचा म्होरक्या लाँग जॉन सिल्व्हर येतो. एका पायाचा, गोड बोलणारा, शूर आणि खुनी. जिमला तो आवडतो, सफरचंदांच्या पिंपात लपून त्याचा कट ऐकेपर्यंत. त्यानंतरही ती ओढ पुरती तुटत नाही. जिमचे मोठेपण या गुंत्यातच आहे. जी कृत्ये सर्वांना वाचवतात ती त्याने परवानगीवाचून केलेली असतात, आणि स्वसंरक्षणात त्याच्या हातून एक माणूसही मरतो. पण कथेचा नैतिक कणा त्याहून शांत प्रसंगात आहे. चाच्यांच्या कैदेतल्या जिमने न पळण्याचा शब्द सिल्व्हरला दिलेला असतो. भेटायला आलेले त्याच्याच बाजूचे डॉक्टर लिव्हसी त्याला म्हणतात, कुंपणावरून उडी मार, दोष सारा माझ्या माथी. डॉक्टर भला माणूस आहे, सल्लाही मायेचा आहे. तरीही जिम नकार देतो : तुम्ही स्वतः असे केले नसते. चाच्याला दिलेला शब्दही शब्दच, हे त्याला कोणा मोठ्याने सांगितलेले नाही, उलट मोठ्यानेच त्यातून सूट देऊ केली आहे. किडनॅप्ड (१८८६) मध्ये स्टीव्हन्सनने हेच सूत्र मैत्रीत आणले. राजनिष्ठ डेव्हिड बॅल्फर आणि बंडखोर ॲलन ब्रेक यांचे राजकारण जुळणारे नाही. पत्त्यांत हरलेल्या पैशावरून ते तलवारी उपसण्यापर्यंत जातात आणि तिथून परत फिरतात.

मार्क ट्वेन आणखी खोल गेला. द ॲडव्हेंचर्स ऑफ हकलबरी फिन १८८४ च्या अखेरीस इंग्लंड-कॅनडात आणि १८८५ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाली. अमेरिकेतील गुलामगिरी १८६५ मध्ये संपली होती, कथा मात्र त्यापूर्वीच्या काळात घडते. आपल्याला आठशे डॉलरना विकणार, हे कानावर आल्यावर जिम नावाचा कृष्णवर्णीय गुलाम पळतो आणि बापापासून पळालेला हक त्याला भेटतो. मिसिसिपी नदीवर तराफ्यावरून दोघांचा प्रवास सुरू होतो. धुक्याच्या रात्री चुकामूक झाल्यावर हक परत येतो आणि ते सारे तुझे स्वप्नच होते, अशी जिमची थट्टा करतो. हक हरवला म्हणून जिमचे काळीज तुटले होते. तो त्याला सुनावतो. क्षमा मागायला मन तयार करण्यात हकची पंधरा मिनिटे जातात, पण तो मागतो, आणि पुढे कधीही त्याला त्याचा पस्तावा होत नाही. या पंधरा मिनिटांत हक जेवढा वाढतो तेवढा कोणत्याही पाठलागात वाढत नाही.

निर्णायक प्रसंग एकतिसाव्या प्रकरणात येतो. पळालेल्या गुलामाला साहाय्य करणे ही चोरी आणि पाप, असेच हकला समाजाने आणि धर्मशिकवणीने पढवलेले असते. म्हणून तो जिमच्या मालकिणीला त्याचा ठावठिकाणा कळवणारे पत्र लिहितो. लिहिताच त्याला पापमुक्त झाल्यासारखे हलके वाटते. मग नदीवरचे दिवस आठवतात, आपली झोप मोडू नये म्हणून स्वतःचा पहारा संपल्यावरही जागणारा जिम आठवतो. नरकात जावे लागले तरी चालेल, असे ठरवून तो पत्र फाडतो. आपण वाईट वागतो आहोत अशी त्याची खात्री असते, वाचकाला मात्र त्याची थोरवी दिसते. सदसद्विवेकबुद्धी हीदेखील शिकवलेली गोष्ट आहे आणि चुकीची शिकवलेली असू शकते, हे सांगायला ट्वेनने एक अर्धशिक्षित पोर निवडले. शेवटच्या प्रकरणांत हकचा मित्र टॉम सॉयर जिमच्या सुटकेचा पोरखेळ करतो, तिथे ही उंची टिकत नाही, हा टीकाकारांचा आक्षेप मला पटतो.

ज्यूल व्हर्नच्या १८८८ च्या दोन वर्षांची सुट्टी या फ्रेंच कादंबरीत पंधरा मुले बेटावर लोकशाही उभारतात, मतदान करून प्रमुख निवडतात. मोको या कृष्णवर्णीय खलाशीपोऱ्याला मात्र मत नसते, आणि लेखकाला त्यात काही खटकत नाही. दोर सोडून गलबत वाहवत नेणाऱ्या धाकट्या झाकची अपराधी घुसमट यात मनापासून रंगवली आहे. किपलिंगच्या कॅप्टन्स करेजस (१८९७) मधील लाडावलेला श्रीमंत मुलगा महिना साडेदहा डॉलरवर मासेमारी गलबतावर राबून सुधारतो.

मुली या कथांत जवळजवळ नाहीत. आर्थर रॅन्समच्या स्वॅलोज अँड ॲमेझॉन्स (१९३०) मध्ये नॅन्सी ब्लॅकेट स्वतःच्या होडीची कप्तान होते, तोवर बराच काळ लोटला होता.

शाळेत शिकवणाऱ्या विल्यम गोल्डिंगने लॉर्ड ऑफ द फ्लाइज (१९५४) मध्ये बॅलंटाइनला थेट उत्तर दिले. राल्फ आणि जॅक ही नावेसुद्धा तिथूनच घेतली. इथे दुष्टता बाहेरून येत नाही. बेटावर अडकलेली मुले शंख वाजवून सभा भरवतात आणि पुढे एकमेकांचे जीव घेतात. अखेरीस आलेला नौदल अधिकारी कोरल आयलंडची आठवण काढतो, ब्रिटिश मुलांकडून याहून बरे काही अपेक्षित होते असे म्हणतो. राल्फ रडू लागतो. ते रडणे पाहवत नाही म्हणून अधिकारी तोंड फिरवतो आणि दूर उभ्या असलेल्या आपल्या युद्धनौकेकडे पाहत राहतो.